एक नमुना, चार भाग

ताईंनो, मागच्या मासिक बैठकीत शेंगदाणा चटणी करणाऱ्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, "आमचा नमुना प्रयोगशाळेत नापास झाला, तर सगळं संपलंच का?" चहा संपला तरी त्यावरचं बोलणं संपलं नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतात तेव्हा त्याची किंमत देतात. ती मागायला लाजायचं नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याप्रमाणे नमुन्याचे चार भाग करून ते सीलबंद करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे तपासणीला जातो. दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे सहायक आयुक्तांकडे, जपून ठेवतात. चौथा भाग आपला म्हणायला हरकत नाही. आपण मागणी केली तर तो दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, खर्च मात्र आपला. ही मागणी तिथेच, लेखी करायची. बहुतेकजणी घाबरून सही करतात आणि चौथा भाग विसरतात.

आता दोन प्रयोगशाळांचे अहवाल वेगळे आले तर? असं घडू शकतं, आणि दर वेळी कोणी लबाडी केलेली असते असं नाही. शेंगदाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते पोत्यात सारखं पसरत नाही. मूठभर दाण्यांत भरपूर, बाकीच्यांत काहीच नाही. म्हणून भाग करण्याआधी माल नीट कालवला की नाही, हे डोळ्यांनी बघा.

अहवाल जुळले नाहीत, तर जपून ठेवलेला एक भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवावाच लागतो आणि तिचा निकाल अंतिम असतो. पुण्याची राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्यापासून हे काम करत आली आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं नावही यात आहे.

पण वाद मिटवणं हे संदर्भ प्रयोगशाळेचं निम्मंच काम. आपल्या बाजारातल्या काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का असतो ना? काटा तपासणाऱ्यांची वजनंही वरच्या प्रमाण वजनांशी ताडून घ्यावी लागतात. तसंच इथं. तपासणीच्या पद्धती प्रमाणित करायच्या कामात ही प्रयोगशाळा असते, आणि एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून कोणाचं उत्तर चुकतंय ते बघते.

हे किती महत्त्वाचं आहे ते आपल्या द्राक्षवाल्यांना विचारा. निर्यातीच्या द्राक्षांतल्या औषधांच्या अंशासाठी पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागाइतदारांच्या बोलीतलं सीसीसी, सापडलं आणि माल अडकला. आपल्याकडे तपासायच्या औषधांच्या यादीत ते नव्हतंच! इथल्या तपासणीत पास झालेली द्राक्षं तिकडे नापास झाली. त्यानंतर ते यादीत आलं. प्रयोगशाळा जे शोधत नाही ते तिला सापडतही नाही.

दूध घालणाऱ्या ताईंनो, हे तुमच्याही गोठ्यापर्यंत येतं. बुरशी आलेली पेंड किंवा मका जनावरानं खाल्ला की त्यातलं विष रूप बदलून दुधात उतरतं, आणि दूध उकळून ते जात नाही. कायद्यानं दुधात त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एकाचा अर्धा! वासानं, चवीनं काही कळत नाही. फुकट जाईल म्हणून बुरशीची पेंड म्हशीपुढे टाकायची सवय मोडायलाच हवी.

चौथा भाग पाठवला नसला तरी दार बंद होत नाही. विश्लेषकाचा अहवाल हातात आल्यापासून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. त्यांना पटलं तर ते नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवतात. मुदत टळली की हा हक्क जातो. सरकारी पाकीट घरच्या फडताळात पडून राहतं, हे आपण बघितलंय. ते आलं की त्यावर मिळाल्याची तारीख लिहा, फोटो काढा आणि त्याच दिवशी गटाच्या सचिवताईंकडे द्या.