तिहेरी तारू आणि त्याचा वेग

शिडाच्या नौकेस एकाच वेळी दोन संकटांशी झगडावे लागते. वारा तिला पुढे नेतो खरा, परंतु त्याच वेळी तिला आडवी पाडू पाहतो; आणि पाणी तिचा मार्ग अडविते. आडवे पडणे टाळावयाचे तर नौका रुंद हवी. पाण्याचा अडथळा टाळावयाचा तर ती अरुंद हवी. एकच अंग रुंदही असावे आणि अरुंदही असावे, हे कसे घडावे?

या पेचाचा उलगडा आपल्या कोकणच्या मच्छीमारांनी फार पूर्वीपासून व्यवहारात आणला आहे. मालवणकडील अरुंद होडीच्या एका बाजूस, थोड्या अंतरावर, आडव्या काठ्यांना बांधलेला हलक्या लाकडाचा ओंडका तरंगताना दिसतो. त्यास उलांडी म्हणतात. होडी अरुंदच राहते, पण तिचा पाया रुंद होतो. अशा उलांड्या दोन्ही बाजूंस लावल्या आणि त्यांना पोकळ नावेचा आकार दिला, म्हणजे तीन अंगांची नौका सिद्ध झाली. तिला ट्रायमरान म्हणतात. या शब्दाचे शेपूट आपल्या देशातलेच आहे: तमिळ भाषेत कट्टुमरम् म्हणजे बांधलेली लाकडे, त्यावरून कॅटॅमरान, आणि त्याचे नुसते शेपूट घेऊन ट्रायमरान!

अशी नौका समुद्रावर सोयीची, पण धक्क्यास लावताना किंवा रस्त्याने नेताना तिची रुंदी फार अडचणीची होते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले रचनाकार इयान फॅरियर (1947–2017) यांनी बिजागऱ्यांचे असे आडवे हात योजिले की, उलांड्या दुमडून मधल्या नावेच्या कुशीला येऊन बसतात. त्यांची 27 फूट लांबीची एफ-27 ही नौका पसरली असता सुमारे 19 फूट रुंद, तर दुमडली असता सुमारे साडेआठ फूट होते. वैतरणेच्या खाडीने पूर्वी लहान गलबते मनोरपर्यंत चढत असत. अरुंद खाडीत अशी घडी किती उपयोगी पडेल, हे आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको. मात्र घडी घातलेल्या स्थितीत शीड कधीही उभारू नये, कारण पाया आखडलेला असतो.

आता अशी लहान नौका अधिक चांगली चालावी म्हणून काय करावे? बहुतेकांस प्रथम मोठे शीड सुचते. माझ्या मते ते सर्वांत शेवटी सुचावे. का, ते गणितानेच पाहू.

समजा, उलांडीचे घनफळ 120 लिटर आहे. ती पूर्ण बुडाली असता गोडे पाणी तिला सुमारे 120 किलो भाराने वर उचलते. आर्किमिडीजचा हा नियम वर्गात झालाच आहे. तिचे मधल्या नावेपासून अंतर दीड मीटर धरा. तरफेच्या नियमाने सावरण्याचे बळ 120 गुणिले दीड, म्हणजे 180 झाले. वाऱ्याचा जोर पाण्याखालील फळीपासून अडीच मीटर उंचीवर लागत असेल, तर 180 भागिले अडीच, म्हणजे 72 किलोंपर्यंतचा आडवा जोर ती नौका सोसेल. हात 1.8 मीटर केले तर हाच आकडा 86 च्या वर जातो. पण वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे विसरता कामा नये. वारा दुप्पट झाला तर जोर चौपट! हात लांब करून मिळविलेली पंचमांशाची वाढ एका झोतात संपते. शिवाय हात लांबले की त्यांच्या मुळाशी आणि बिजागरीवर पडणारा ताणही त्याच प्रमाणात वाढतो.

म्हणून पहिली सुधारणा बिजागऱ्यांची करावी. सैल बिजागरी म्हणजे वेगाची गळती. वाऱ्याने दिलेला जोर पुढे जाण्याऐवजी हात हलविण्यात खर्च होतो. हाताच्या टोकापासून मधल्या नावेच्या तळाकडे ताठ तारेचा ताण दिल्यास हात वर वाकत नाही. दुसरी सुधारणा उलांडीच्या नाळेची. तेथे घनफळ कमी असले तर वाऱ्याखालची उलांडी लाटेत नाक खुपसते आणि नौका पुढच्या अंगावर कोलांटी खाते. तिसरी गोष्ट पाण्यात खाली सोडावयाच्या फळीची: ती नसेल तर वाऱ्याच्या तोंडावर जाताना नौका बाजूस घसरत राहते, मग शीड कितीही चांगले असो. तळ घासून स्वच्छ ठेवणे आणि निरुपयोगी ओझे उतरविणे, यांस तर पैसाही पडत नाही.

या गोष्टी पुस्तकी नव्हेत. 1968 साली एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत इंग्लंडातून निघाली. तीत नायजेल टेटली आणि डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्या नौका तीन अंगांच्या, एकाच मूळ आराखड्याच्या होत्या. क्रोहर्स्ट यांची नौका घाईने तयार झालेली, जागोजाग गळणारी. त्यांनी आपले ठिकाण खोटे कळविण्यास आरंभ केला. ते पाठीवर येऊन ठेपले आहेत, असे समजून टेटली यांनी आधीच खिळखिळी झालेली आपली नौका जोराने हाकली. 21 मे 1969 रोजी, शेवट जवळ आला असता, ती फुटून बुडाली, टेटली वाचले. क्रोहर्स्ट यांची नौका जुलैत रिकामी सापडली. शर्यत पुरी करणारे एकटे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, ते परतले. त्यांची 32 फुटी, सागवानी, संथ ‘सुहेली’ आपल्या मुंबईतच बांधली गेली होती.

यावरून तिहेरी तारू वाईट, असे मी म्हणत नाही. जड कण्याची नौका कलली तरी पुन्हा उठते. तिहेरी नौका एकदा पालथी झाली की तशीच राहते, एवढा भेद ध्यानी ठेवावा. उत्पत्तीच्या पुस्तकातील नोहाच्या तारवाची मापे 300, 50 व 30 हात अशी आहेत. पण त्यास शीड नव्हते, केवळ तरंगावयाचे होते. चालावयाचे असेल तर हिशेब निराळा.

ज्यांस प्रयोग करावयाचा असेल त्यांनी केळीच्या सोपाची नाव व दोन उलांड्या करून त्या बांबूच्या कामट्यांनी जोडाव्या आणि भरल्या टाकीवर पंख्याच्या वाऱ्यात सोडाव्या. एका वेळी एकच फेरफार करावा. प्रथम उलांड्यांचे अंतर, मग त्यांची जाडी, मग खालची फळी. तीच टाकी, तोच पंखा, तेच अंतर. प्रत्येक फेरीचे सेकंद वहीत मांडावे. वडील मंडळींनी घड्याळ धरले तर अधिक बरे.