मार्गिटच्या दारातून मागे फिरा

‘एल्डन रिंग’ नव्याने सुरू करणारे बरेचजण मार्गिटपाशी अडकतात. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या तोंडाशी, पुलावर हा बॉस वाट अडवून उभा असतो. मीही तिथेच अडकलो होतो. आता ओळखीचं कुणी हा गेम घेतला की मी आधी एकच सांगतो: मार्गिट जड जातोय ना? मग तिथून निघा.

निघायचं सुचत नाही, याला कारण आहे. विसाव्याच्या बऱ्याच जागी, म्हणजे ग्रेसपाशी, सोनेरी प्रकाशाची एक रेघ दिसते आणि सुरुवातीला ती थेट किल्ल्याकडे नेते. आपण तिला हुकूम समजतो. पण ती रेघ फक्त मुख्य कथेची दिशा दाखवते. तुमची तयारी झाली आहे का, हे तिला ठाऊक नसतं. फ्रॉमसॉफ्टवेअरचा हा गेम फेब्रुवारी 2022मध्ये आला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी त्यात सोपी-अवघड अशी निवड ठेवलेली नाही. माझ्या मते ती निवड नकाशात आहे. कुठे जायचं आणि कुठे इतक्यात जायचं नाही, हे ठरवलं की गेम सोपा किंवा अवघड होतो.

म्हणून लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातून आधी दक्षिणेला वळा. पूल ओलांडला की वीपिंग पेनिन्सुला लागतो. तिथल्या तीन पडक्या चर्चमध्ये एकेक सेक्रेड टिअर मिळतो आणि त्याने औषधाच्या कुपीचा गुण वाढतो. लिमग्रेव्हच्या खाणीतून स्मिथिंग स्टोन आणा आणि हत्यार वाढवून घ्या. नवखे खेळाडू सगळे पॉइंट ताकदीत ओततात, पण सुरुवातीला व्हिगर, म्हणजे जीव, वाढवणं जास्त उपयोगाचं. दोनऐवजी चार फटके सोसता आले, तर समोरचा कसा लढतो हे बघायला वेळ मिळतो. एलेह चर्चपाशी रात्री रेना नावाची चेटकीण भेटते. तिच्याकडून घंटा आणि लांडग्यांचे आत्मे घ्या आणि मार्गिटसमोर त्यांना बिनदिक्कत बोलवा. ही पळवाट आहे असं म्हणणारे भेटतील. मला ते अजिबात पटत नाही. गेमने दिलेली गोष्ट वापरायचीच.

मार्गिटचं खरं शस्त्र म्हणजे त्याचं थांबणं. तो काठी उचलतो आणि क्षणभर तशीच धरून ठेवतो. उचललेली काठी पाहून तुम्ही रोल केलात, म्हणजे लोळून वार चुकवायला गेलात, की रोल संपता संपता ती डोक्यात बसते. नजर काठी खाली येण्यावर हवी. अंगावरचं ओझं सत्तर टक्क्यांच्या वर गेलं तर रोल इतका जड होतो की कितीही अंदाज बांधला तरी उपयोग नाही. तेव्हा शोभेचं चिलखत उतरवा.

रून्स, म्हणजे शत्रू मारून मिळणारं चलन, साठवून ठेवू नका. मेलात की ते मेल्या जागी पडतात आणि परत उचलण्याआधी पुन्हा मेलात तर कायमचे जातात. आणखी एक सापळा: ड्रॅगन-बर्न्ट रुइन्सच्या तळघरातली पेटी. ती उघडली की धूर येतो आणि तुम्ही केलिड या दुसऱ्याच प्रदेशातल्या स्फटिकांच्या खाणीत जाऊन पडता. खाणीतून नकाशावरून परतता येत नाही. लढू नका, बाहेरची वाट शोधत पळा. उघड्यावर आलात की परतायची सोय पुन्हा सुरू होते.

शरीराचंही सांगतो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. ओळीने मरत गेलं की बोटं डोळ्यांआधी धावू लागतात. शत्रू हलण्याआधीच रोलचं बटण दाबलं जातं. तिथून पुढचा सराव बोटांना चुकीचीच सवय लावतो. त्या रात्री गेम बंद करा आणि झोपा. तो आपोआप सेव्ह होतो, काही हरवत नाही.

आणि इतकं करूनही मार्गिट हटलाच नाही, तर किल्ल्याच्या बाजूने कड्यालगत एक वाट आहे. ती सरळ लिउर्नियाच्या तळ्यांकडे उतरते. तिकडचा प्रदेश फिरून, बळ कमावून किल्ल्याकडे नंतर आलात तरी चालतं.