‘कोल्डली’ म्हणजे गार नव्हे



गेल्या सोमवारी इंग्रजीच्या तासाला बाईंनी फळ्यावर वाक्य लिहिले, ‘शी आन्सर्ड कोल्डली.’ अर्थ सांगायला सगळ्यांत आधी माझाच हात वर! कोल्ड म्हणजे थंड, हे कोणाला ठाऊक नाही? मी म्हटलं, “तिने गार उत्तर दिले.” सारा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, “अरे, असं म्हटलंस तर लोकांना वाटेल, उत्तर ऐकून समोरच्याचा जीव गार झाला!”

खरी गंमत इथेच आहे. आपल्याकडे उन्हातून पाहुणा आला की आधी तांब्याभर गार पाणी देतात. गार म्हणजे सुखाचे. इंग्लंड पडले उत्तरेला. लंडनमध्ये डिसेंबरात चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो, दिवस जेमतेम आठ तासांचा. तिथे ऊब हवीशी आणि थंडी नकोशी. म्हणून प्रेमाच्या स्वागताला ते ‘वॉर्म वेलकम’ म्हणतात. आपण वैशाखात कुणाचे ‘गरम स्वागत’ केले, तर तो परत येईल का? आपल्याला भीती कोरडेपणाची. आपण मायेला ओलावा म्हणतो, आणि माया नसली की ‘कोरडं बोलला’ म्हणतो. तेव्हा कोल्डली म्हणजे कोरडेपणाने, तुटकपणे.

आता थोडे व्याकरण. कोल्ड हे विशेषण. त्याला ‘ली’ जोडले की क्रियाविशेषण होते, म्हणजे क्रिया कशी घडली ते कळते. पाणी थंड आहे हे सांगायला कोल्डच हवे, तिथे कोल्डली चालत नाही. कोल्डली लागते ते बोलणे, बघणे, उत्तर देणे अशा वागण्याला. मात्र फसू नका! ‘फ्रेंडली’च्या शेवटी ‘ली’ असूनही ते विशेषणच आहे. कोल्डलीच्या उलट वॉर्मली. फ्रॉस्ट म्हणजे गोठलेले दव, त्यावरून फ्रॉस्टिली. आइस म्हणजे बर्फ, त्यावरून आयसिली. हे दोन्ही कोल्डलीचे थोरले भाऊ. कूलली मात्र बहुधा शांत डोक्याने.

एखाद्याला टाळणे याला इंग्रजीत ‘थंड खांदा दाखवणे’ म्हणतात. वॉल्टर स्कॉट यांच्या १८१६ सालच्या ‘द अँटिक्वेरी’ या कादंबरीत तो वाक्प्रचार येतो.

शेवटी बाईंनी घरचा अभ्यास दिला : कोल्डलीचा स्वतःच्या अनुभवातील वाक्यात उपयोग करा. मला फार शोधावे लागले नाही. आदल्या शुक्रवारी संध्याकाळी माझ्या बाकावरचा मित्र आमच्या दारात आला होता. “कंपासपेटी देतोस का रे?” मी गोष्टीचे पुस्तक वाचत होतो. मान वर न करताच म्हणालो, “नाही.” तो गेला. आतून आई म्हणाली, “किती तुटक बोललास रे त्या पोराशी!”

मी वहीत लिहिले, ‘आय सेड नो कोल्डली.’ बाईंनी बरोबरची खूण केली. मित्राने शेजारून ते वाचले आणि काही न बोलता आपली वही पुढे ओढली.

मधल्या सुट्टीत मी त्याला कंपासपेटी दिली. पण भूमितीची चाचणी शनिवारीच होऊन गेली होती.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी