दूध कोणाचे, भाव कोणाचा?

बाजारात दोन दुकाने शेजारी शेजारी असतात. एक चालते, दुसरे बसते. मग पारावर बोलणे निघते. कोणी म्हणतो, "त्याचं नशीब जोरावर!" कोणी म्हणतो, "त्याच्याकडं पैसा होता." एवढ्यावर विषय संपतो. आपल्या हाती काहीच लागत नाही.

म्हैस घेताना आपण असे करतो का? दात बघतो, कास बघतो, धार काढून बघतो. मग किंमत बोलतो. धंद्याची गोष्टही तशीच पारखावी. त्यासाठी चार प्रश्न लक्षात ठेवा.

१. माल कोणता आणि गिऱ्हाईक कोण?
२. मोठ्या धंदेवाल्याचे बळ कशात आहे?
३. ते बळ कुठे तोकडे पडते?
४. दुसऱ्याने काय केले आणि त्यासाठी काय सोसले?

आता एक खरी गोष्ट वाचू. मग हेच प्रश्न तिला लावू.

खेडा जिल्ह्यातील गोष्ट

आणंद हे गाव आज गुजरातेत आहे. १९४५ साली ते मुंबई इलाख्यात, खेडा जिल्ह्यात होते. तिथल्या घरोघर म्हशी होत्या. दूध भरपूर होते. आणंदला पोल्सन कंपनीची मोठी डेअरी होती. पोल्सनचे लोणी मुंबईत फार नावाजलेले होते.

मुंबई शहराला दूध कमी पडे. म्हणून १९४५ साली सरकारने मुंबईसाठी दुधाची योजना काढली. आणंदहून दूध पाठवण्याचे काम पोल्सनकडे गेले. मुंबई चारशे किलोमीटरांहून लांब. पोल्सन दूध तापवून, लगेच गार करून आगगाडीने पाठवी. असे केलेले दूध वाटेत नासत नाही.

धंदा वाढला. पण शेतकऱ्याच्या हाती काय आले? दूध गोळा करणारे दलाल होते. भाव ते सांगत. मुंबईत पैसा आला, तो वाटेतच राहिला.

शेतकऱ्याने दूध दुसरीकडे का नेले नाही? ज्वारी कणगीत राहते. गूळ ठेवता येतो. दूध मात्र सकाळचे संध्याकाळी नासते. "परवडत नसंल तर ने परत," असे म्हटले की शेतकरी गप्प बसे. परत नेऊन तो करणार काय?

शेतकरी सरदार वल्लभभाई पटेलांकडे गेले. सरदारांनी सांगितले, की दलाल दूर करा, स्वतःची सहकारी संस्था काढा. सरकारने ऐकले नाही तर दूध विकणे बंद ठेवा. त्यात नुकसान होईल, ते सोसायची तयारी आहे का, हेही त्यांनी विचारले. शेतकरी तयार झाले. सरदारांनी मोरारजी देसाईंना खेड्याला पाठवले. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा झाली. ठराव झाला: गावोगाव संस्था काढायच्या, त्यांचा जिल्ह्याचा संघ करायचा आणि सरकारने दूध संघाकडून घ्यावे.

सरकारने मानले नाही. शेतकऱ्यांनी दूध देणे बंद केले. पंधरा दिवस दूध विकले नाही. मुंबईची योजना कोलमडली. शेवटी सरकारने मागणी मान्य केली. १४ डिसेंबर १९४६ रोजी संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल संघाचे अध्यक्ष झाले.

आता पारख करू

पहिला प्रश्न. माल दूध. गिऱ्हाईक मुंबईकर. माल खेड्यात आणि गिऱ्हाईक शहरात. मधे लांबची वाट.

दुसरा प्रश्न. पोल्सनचे बळ कशात? म्हशी तिच्या नव्हत्या. मुंबईकरही तिचे बांधलेले नव्हते. पण मधली वाट तिच्या हाती होती. यंत्र तिचे, सरकारचे काम तिचे, नावही तिचेच. ज्याच्या हाती वाट, त्याच्या हाती भाव.

तिसरा प्रश्न. हे बळ कुठे तोकडे पडले? रोज सकाळी दूध आले तरच यंत्र चालणार. एकटा शेतकरी थांबला तर त्याचेच दूध नासते. सारे थांबले तर कंपनीचे यंत्र थांबते. कागद कंपनीकडे होता, पण दूध कासेत होते!

चौथा प्रश्न. शेतकऱ्यांनी काय सोसले? पंधरा दिवसांची कमाई. गरिबाच्या घरी ती थोडी नव्हे.

"एकी केली नि जिंकले," असे म्हणून पुस्तक मिटू नका. संप पंधरा दिवसांचा, धंदा मात्र बारा महिन्यांचा. नुसती एकी करून दूध टिकत नाही. आता मधली वाट संघाला स्वतः बांधायची होती.

१९४८ साली संघाचे काम सुरू झाले, तेव्हा रोजचे दूध सुमारे २५० लिटर होते. १९४९ साली वर्गीस कुरियन हे इंजिनियर आणंदला सरकारी नोकरीवर आले. त्रिभुवनदासांच्या आग्रहाने पुढे ते संघाच्या कामाला राहिले. जुनी यंत्रे सारखी बिघडत होती. त्यांनी नवे यंत्र घ्यायला लावले. म्हणजे शेतकऱ्यांनी जाणता माणूस नेमला आणि त्याचे ऐकले. मालकी मात्र आपल्याकडेच ठेवली.

मग नवी अडचण आली. हिवाळ्यात म्हशी जास्त दूध देतात. तेवढे दूध मुंबई घेईना. उरलेल्या दुधाचे करायचे काय? त्याची भुकटी आणि लोणी केले तर ते टिकते. पण म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी जाणकार म्हणत. हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली. १९५५ साली आणंदला मोठा कारखाना उभा राहिला. युनिसेफ या जागतिक संस्थेने यंत्रांसाठी मदत केली. बाहेरची मदत मिळाली असेल तर तीही हिशेबात धरावी. नाही तर पारख खोटी ठरते.

१९५७ साली संघाने "अमूल" हे नाव नोंदवले. आता लोण्याच्या बाजारात पोल्सनशी उघड चुरस होती. अमूलचे लोणी ताज्या सायीचे होते. तरी गिऱ्हाईक नाक मुरडी. का? पोल्सनची साय आंबवलेली असे, लोण्यात मीठ असे. लोकांच्या जिभेला तीच चव लागली होती. संघाने हट्ट धरला नाही. लोण्यात मीठ घातले, चव गिऱ्हाइकाला रुचेल अशी केली. आपला माल चांगला आहे, हे आपण म्हणून भागत नाही. ते गिऱ्हाइकाने म्हणावे लागते.

पुढे अमूल देशभर गेले आणि पोल्सन मागे पडले. १९७३ साली गुजरातेतील जिल्हा संघांनी विक्रीसाठी एकत्र महासंघ काढला. गावची संस्था दूध घेते, जिल्ह्याचा संघ त्याचे पदार्थ करतो, महासंघ ते विकतो. अशी सारी वाट दूधवाल्यांच्या हाती आली.

म्हणून कांदा असो, ऊस असो वा कोंबडी, आपला माल घरातून निघून गिऱ्हाइकाच्या ताटात पडेपर्यंतची वाट मोजा. वाटेवर कोण कोण उभे आहे ते लिहून काढा. तुम्हाला आता लिहिता येते!

विचार करा आणि लिहा

१. ज्वारीवाला थांबू शकतो, दूधवाला का थांबू शकत नाही?
२. एकाच शेतकऱ्याने दूध बंद केले असते तर काय झाले असते?
३. संप जिंकल्यावर संघाला कोणती कामे करावी लागली?
४. तुमच्या गावातून कोणता माल बाहेर जातो? त्याचा भाव कोण ठरवतो?