मांजराची झडप

‘मांजराची झडप’ म्हटले की उंदराचे पुढे काय झाले असेल, हाच विचार आपल्या मनात येतो. पण या लेखातील झडप निराळी आहे. दाराच्या खालच्या भागात एक चौकोनी भोक पाडायचे आणि त्यात वरच्या कडेवर टांगलेली एक हलकी फळी बसवायची. मांजराने डोक्याने ढकलले की फळी उघडते, मांजर पलीकडे गेले की ती आपोआप मिटते. इंग्लंडमध्ये पुष्कळ घरांच्या मागच्या दाराला अशी झडप असते. आपल्याकडच्या कौलारू घरांत मांजराला वाटांची वाण नव्हती. खिडकीतून, माळ्यावरून, कौलांच्या फटीतून ते कुठूनही येई. आता जाळीची दारे आणि सरकत्या खिडक्या आल्या. त्यामुळे मांजर दाराशी ओरडत बसते आणि घरातील कोणाला तरी रात्री उठावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, अशी झडप तुम्हाला वडीलधाऱ्यांच्या मदतीने घरी करता येईल. पण करवत हाती घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे. झडप मांजराला सहज उघडता आली पाहिजे, पण वाऱ्याला उघडता येता कामा नये. मग ती हलकी करावी की जड? प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर मात्र वजनाच्या काट्यावर सापडत नाही.

न्यूटनची दोन भोके

या झडपेचा शोध न्यूटनने लावला, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. गोष्ट अशी की, न्यूटनने आपल्या मांजरासाठी दाराला एक मोठे भोक पाडले आणि तिला पिल्ले झाल्यावर पिल्लांसाठी शेजारी एक लहान भोक पाडले! मोठ्या भोकातून पिल्लूही जाऊ शकते, हे एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले नाही, म्हणून लोक हसतात.

गोष्ट गमतीची आहे, पण ती तपासून पाहू. न्यूटनचा मृत्यू १७२७ साली झाला. दारातील दोन भोकांची हकिगत केंब्रिजच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पुस्तकात छापली ती १८२७ साली, म्हणजे शंभर वर्षांनंतर. उलट, न्यूटनचा लेखनिक हम्फ्री न्यूटन याने लिहून ठेवले आहे की, त्याच्या खोलीत कुत्रेही नसे आणि मांजरही नसे. शिवाय दारातील मांजराच्या भोकाचा उल्लेख इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये आहे, आणि चॉसर तर १४०० साली वारला. इंग्लंडमधील एक्झेटरच्या कॅथीड्रलमध्ये जुन्या खगोलीय घड्याळाखालच्या दाराला असे गोल भोक आजही पाहायला मिळते. तेव्हा हा शोध न्यूटनचा नव्हे. पण झडपेमागील विज्ञान मात्र त्याच्याच घराण्यातले आहे, म्हणजे बल, वजन आणि गती यांचे. दुसऱ्या भोकाकडेही आपण पुन्हा वळणार आहोत.

आधी मांजराचे माप

मांजराचा खुबा आणि खांदा यांच्यातील सर्वांत रुंद भाग मोजा. त्यात तीन-चार सेंटिमीटर मिळवले की भोकाची रुंदी मिळते. मांजराच्या गळपट्टीची हाडे आपल्यासारखी खांद्याच्या सांगाड्याला जोडलेली नसतात, ती स्नायूंमध्ये सैल असतात. त्यामुळे मांजर खांदे आवळून अरुंद जागेतून निघू शकते. पण झडपेतून रोज जायचे आहे, तेव्हा त्याला कसरत करायला लावू नये.

आता मांजर उभे असताना जमिनीपासून त्याच्या पोटापर्यंतची उंची मोजा. भोकाची खालची कड साधारण तेवढ्याच उंचीवर ठेवावी. मोठ्या मांजरासाठी ती १२ ते १५ सेंटिमीटर येते. बाहेरच्या बाजूची जमीन खाली असेल, तर तेथे एखादी फरशी किंवा पायरी ठेवा.

आपल्या हिशेबासाठी झडप १६ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर उंच धरू. ती ३ मिलिमीटर जाडीच्या अॅक्रिलिकच्या पारदर्शक पत्र्याची केली, तर तिचे वजन सुमारे १०० ग्रॅम भरते. अॅक्रिलिकची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.१९ ग्रॅम असते. गुणाकार तुम्ही करून पाहा.

वजन चुकीच्या वेळी कामाला येते

वहीत झडपेची बाजूने दिसणारी आकृती काढा. वर आस, तेथून खाली १८ सेंटिमीटरची रेघ. झडप सर्वत्र सारखी असल्याने तिचा गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर, आसापासून ९ सेंटिमीटरवर येतो. झडपेचे सर्व वजन तेथे एकवटले आहे असे समजू.

झडप ढकलली की वजन तिला परत खाली ओढते. ही ओढ किती परिणामकारक ठरेल, ते केवळ वजनावर अवलंबून नसते. आसाखालच्या उभ्या रेषेपासून गुरुत्वमध्य आडवा किती दूर गेला, त्या अंतराने वजनाला गुणावे लागते. या गुणाकाराला बलाचे परिबल म्हणतात. दार बिजागरीजवळ ढकलले तर जड जाते आणि कडीजवळ ढकलले तर सहज फिरते, ते याच नियमाने.

झडप सरळ लोंबत असताना हे आडवे अंतर शून्य असते. म्हणजे परिबलही शून्य! झडप ३० अंश उघडली की अंतर साडेचार सेंटिमीटर होते. परिबल १०० × ४.५ = ४५०. झडप खालच्या कडेशी ढकलायची, तर आसापासून अंतर १८ सेंटिमीटर आहे, म्हणून ४५० ÷ १८ = २५ ग्रॅम-भार एवढे बल लागते. (२५ ग्रॅमचे वजन तळहातावर ठेवले असता जेवढा दाब जाणवतो, तेवढे हे बल.) याच रीतीने ६० अंशांना ४३ आणि ९० अंशांना ५० ग्रॅम-भार येते.

आता वाऱ्याकडे वळू. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा घ्या. अशा वाऱ्यात झाडाची पाने सतत हलत राहतात. हवेच्या घनतेची निम्मी किंमत आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार केला की वाऱ्याचा दाब मिळतो. ०.६ × २५ = १५ न्यूटन दर चौरस मीटरला. झडपेचे क्षेत्रफळ ०.०२८८ चौरस मीटर. तेव्हा झडपेवरील बल ०.४३ न्यूटन, म्हणजे सुमारे ४४ ग्रॅम-भार. हा हिशेब ढोबळ आहे, पण आपल्याला पुरेसा आहे. एवढ्या वाऱ्याने आपली झडप वीस अंशांहून अधिक उघडी राहील. पावसाळ्यात दाराच्या आत पाण्याचे तळे झालेच म्हणून समजा.

मग झडप जड करावी का? याच वाऱ्यात ती ५ अंशांपलीकडे उघडू नये असे ठरवले, तर तिचे वजन सुमारे ५०० ग्रॅम करावे लागते. आणि एवढे करून फट राहणारच, कारण सरळ लोंबताना परिबल शून्य असते, मग वजन कितीही असो. मांजराचे मात्र हाल होतील. झडप अर्धी उघडून ते मधोमध आले की पाचपट ओझे त्याच्या पाठीवर घासत जाईल, आणि शेवटी शेपटीवर पाचपट ऊर्जेने आदळेल.

अडचण आता स्पष्ट झाली. झडप मिटलेली असताना आपल्याला विरोध हवा असतो, तेव्हा वजन गप्प बसते. झडप उघडल्यावर विरोध नको असतो, तेव्हा वजन जोर करते. आपल्याला हवे आहे नेमके उलट वागणारे बल.

चुंबकाचे काम

असे बल चुंबकापाशी असते. लोखंडाला चिकटलेला चुंबक सोडवताना सुरुवातीला जोर लागतो. एकदा का तो बोटभर दूर गेला, की ओढ जवळजवळ नाहीशी होते. अंतर वाढले की चुंबकाचे बल फार झपाट्याने कमी होते.

झडपेच्या खालच्या कडेच्या मध्यावर एक छोटा चुंबक चिकटवा. त्याच्या बरोबर खाली, चौकटीच्या खालच्या पट्टीत एक लोखंडी स्क्रू उभा बसवा. दोहोंमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा, म्हणजे झडप आत-बाहेर दोन्हीकडे उघडेल. झडप किंचित सरकली की चुंबक तिला मागे खेचतो. काही मिलिमीटरवर ही ओढ सर्वांत जास्त असते, त्यापुढे झपाट्याने ओसरते. स्टेनलेस स्टीलच्या काही स्क्रूंना चुंबक ओढत नाही, तेव्हा स्क्रू आधी तपासून घ्या.

चुंबक खालीच का? तेथे आसापासूनचे अंतर सर्वांत जास्त असते. वाऱ्याचे ४४ ग्रॅम-भार झडपेच्या मध्यावर, ९ सेंटिमीटरवर लागतात. ते अडवायला १८ सेंटिमीटरवर निम्मे, म्हणजे २२ ग्रॅम-भार पुरतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, म्हणून ८८ लागतील. तेव्हा चुंबकाची ओढ १०० ग्रॅम-भारापर्यंत ठेवू.

मांजराचे नाक आसाखाली समजा १२ सेंटिमीटरवर टेकते. तेथे त्याला १०० × १८ ÷ १२ = १५० ग्रॅम-भार लावावे लागतील. चार किलोच्या मांजराच्या वजनाच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही हे कमी आहे. एकदा ‘टक्’ झाले की पुढे झडप हलकीच!

आता न्यूटनच्या पिल्लाची आठवण करा. सहाशे ग्रॅमचे पिल्लू झडप खालच्या कडेजवळ ढकलेल, तरी त्याला १०० ग्रॅम-भाराहून थोडे अधिक बल लावावे लागेल. म्हणजे स्वतःच्या वजनाचा सहावा हिस्सा. शिवाय कड त्याच्या छातीपेक्षा उंच. उघड्या भोकाच्या बाबतीत दुसरे भोक हास्यास्पद खरे. पण भोकाला झडप बसवली की प्रश्न मापाचा न राहता बलाचा होतो. घरात पिल्लू असेल, तर त्याची वेगळी सोय विचारपूर्वक करावी लागते.

बसवताना

दार लाकडी असावे. कडक केलेली काच नंतर कापता येत नाही, ती फुटून तिचा चुरा होतो. घर भाड्याचे असेल तर घरमालकाची परवानगी घ्या. झडप कडी-कुलपापासून इतकी दूर हवी की भोकातून हात घालून कडी काढता येऊ नये. इमारतीच्या वरच्या मजल्यावर उघड्या गच्चीकडे किंवा कठड्याकडे झडप काढू नका.

भोकाची आकृती पुठ्ठ्यावर काढा, गुण्याने काटकोन तपासा आणि मग ती दारावर उतरवा. चारही कोपऱ्यांत गिरमिटाने गोल भोके पाडा आणि ती करवतीने जोडा. कोपरे गोल ठेवण्याचे कारण असे की, टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. कापण्याचे काम सुताराने किंवा मोठ्या माणसाने करावे. कडा कानशीने घासून गुळगुळीत करा, रंग द्या, नाहीतर उघडे लाकूड पावसाळ्यात फुगेल.

साधी बिजागरी एकाच बाजूला उघडते. म्हणून आसासाठी सायकलचा आरा घ्या. झडपेच्या वरच्या कडेला प्लास्टिकची बारीक नळी पक्की चिकटवा, तिच्यातून आरा सैलसर ओवा आणि आऱ्याची टोके चौकटीत बसवा. रात्री बंद करण्यासाठी एक लहान खिटी लावा.

नव्या झडपेला मांजर बिचकते. पहिले काही दिवस झडप दोरीने वर बांधून ठेवा आणि पलीकडे खाऊ ठेवा. मग ती अर्धी सोडा, नंतर पूर्ण सोडा. चुंबक सर्वांत शेवटी लावा. मांजराला धरून कधीही आत ढकलू नका. एकदा भ्याले की ते पुन्हा झडपेजवळ फिरकणार नाही.

शेजारचा बोका आला तर?

चुंबकाला आपले-परके कळत नाही. त्यासाठी आता विजेवर चालणाऱ्या झडपाही मिळतात. मांजराच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चकती-नळी पशुवैद्य बसवतो. तीत घट नसतो, फक्त तारेचे वेटोळे आणि पंधरा आकडी क्रमांक साठवलेली चिप असते. झडपेभोवतीच्या वेटोळ्यातून सेकंदाला सुमारे १ लाख ३४ हजार आवर्तने करणारा, सतत दिशा बदलणारा प्रवाह वाहतो. त्यामुळे मांजराच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. १८३१ साली फॅरडेने दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. त्या विजेवर चिप आपला क्रमांक कळवते. क्रमांक ओळखीचा असेल तरच खिटी सुटते.

करून पाहा

१. झडपेच्या खालच्या कडेला दोरा बांधा. तो आडवा नेऊन रिळावरून खाली सोडा आणि टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधा. औषधाच्या मापाने पिशवीत पाणी घालत जा. एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. झडप ‘टक्’ करून सुटेल तेव्हाचे पाणी मोजा. तीच चुंबकाची ओढ. स्क्रू अर्धा फेरा खाली-वर करून पुन्हा मोजा आणि आलेख काढा.

२. स्क्रू काढून घ्या आणि झडप थोडीशी झुलवून दहा झोक्यांचा वेळ मोजा. तो सुमारे ७ सेकंद येईल. १८ सेंटिमीटर लांबीच्या साध्या लंबकाला साडेआठ सेकंद लागतात. झडप कोणत्या लांबीच्या लंबकासारखी वागते, ते शोधा. (उत्तर : १२ सेंटिमीटर. असे का, यावर वर्गात चर्चा करा.)

३. चुंबक झडपेच्या मध्यावर, कडेच्या बाजूला लावला, तर वारा अडवण्यासाठी त्याची ओढ किती लागेल? हिशेब करा.

फ्रीजचे दार, कपाटाचे झाकण आणि दप्तराचे चुंबकी बटण यांकडे आता नव्या नजरेने पाहा. पहिल्या क्षणी घट्ट आणि मग एकदम सैल, असे बल आणखी कोठे कामाला लावले आहे, त्याची यादी करा.