पेटी आणि बांदोनिऑन

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे. चुका पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण तो सुरू होतो देहूरोडला, आमच्या आजोबांच्या पेटीपासून.

आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. खरं सांगते, मला त्याची लाज वाटायची. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की मी पेटीवर चादर टाकायचे. मागच्या वर्षी रूम पार्टनर मला पुण्यात अर्जेंटिनाच्या टँगोच्या कार्यक्रमाला घेऊन गेली. संगीत लाइव्ह होतं. एका वादकाने मांडीवरचा चौकोनी डबा ओढला आणि मी दचकले. हा तर पेटीचा आवाज!

वाद्य : याचं नाव बांदोनिऑन. जर्मनीतल्या क्रेफेल्डचे हाइनरिक बांड यांच्यावरून ते पडलं. एकोणिसाव्या शतकात हे वाद्य ब्युनॉस आयर्सला पोचलं. आपली पेटीही मूळची युरोपातली. खाली बसून हाताने भाता मारता येईल असं रूप तिला कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी दिलं. दोन्हींचं तत्त्व एकच, फ्री रीड. धातूची पातळ पट्टी एका टोकाला घट्ट बसवलेली असते, हवा गेली की कंप पावते. पट्टी लांब तर सूर खालचा, आखूड तर वरचा. आपल्या कँटिलिव्हर बीमचंच गणित!

फरक : पेटीत बाहेरचा भाता आतल्या भात्यात हवा भरतो. आतल्या भात्याला स्प्रिंग असतात, त्यामुळे दाब बराचसा स्थिर राहतो. म्हणजे पॉवर सप्लायमधला फिल्टर कपॅसिटरच. बांदोनिऑनला हा कपॅसिटर नाही. हाताचा प्रत्येक झटका थेट आवाजात उतरतो. म्हणून पारंपरिक टँगो वाद्यवृंदात ड्रमशिवाय ठेका मिळतो.

नाच : टँगो म्हणजे मुळात चालणं. जोड्या हॉलभर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, ओव्हरटेक शक्यतो नाही (आपल्या हायवेवाल्यांनी शिकावं). नाचायला नजरेने विचारायचं, समोरच्याने मान हलवली तरच उठायचं. नकार मिळाला तरी चारचौघांत अपमान होत नाही. तीन-चार गाणी झाली की वेगळ्याच संगीताचा छोटा तुकडा लागतो, तेवढ्यात आपापल्या जागी परत. मी नाचले नाही, नुसती पावलं बघत बसले. आणि आठवली देहूहून आकुर्डीकडे निघालेली दिंडी. तिथेही टाळाच्या ठेक्यावर चालणंच तर असतं!

रविवारी घरी गेले. म्हटलं, "आजोबा, पेटी उघडून दाखवाल का?" त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्याच हातात दिला. "इंजिनिअर तू ना? काळी चार बोलत नाही बघ." रीडमध्ये धूळ अडकली होती. मऊ ब्रशने काढली, सूर बोलला. आजोबा काहीच म्हणाले नाहीत, त्यांनी सरळ भजन सुरू केलं.

तुमच्याही घरी एखादी मुकी पेटी असेल तर उघडून बघा. फक्त पट्टी वाकवू नका, सूर बिघडतो. आणि चादर टाकू नका.