पाहुण्याला घर सांगताना

मोहर्लीला होमस्टे काढतोयस, फ्रान्सचे पाहुणे येणार, म्हणून मावशीच्या चार गोष्टी कानाआड करू नकोस. फ्रेंचच्या क्रमिक पुस्तकातलं घर पाठ करत बसू नको. त्यात दिवाणखाना असतो, गॅरेज असतं. आपल्याकडे सपरी आहे, सांदवाडी आहे. जे आहे ते सांग.

आधी ठिकाण. गावाच्या नावाला ‘आ’, आपल्या देशाला ‘आँ’ : ‘झाबीत आ मोहर्ली, आँ नँद.’ पण नुसत्या मोहर्लीनं त्यांना काय कळणार? पुढे ताडोबा जोड, 1955 पासूनचं राष्ट्रीय उद्यान, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. मग इरई धरणाचं पाणी : ‘प्रे द्यू लाक’, तळ्याजवळ.

खोल्यांचं मात्र नीट ऐक, घोळ इथंच होतो. ‘शाँब्र’ म्हणजे निजायचीच खोली. होमस्टेलाही ते ‘शाँब्र दोत’ म्हणतात. साधी कुठलीही खोली ती ‘पिएस’, आणि त्या मोजणीत स्वयंपाकघर, न्हाणी धरत नाहीत. तू भाबडेपणानं ‘त्र्वा शाँब्र’ लिहिलंस, तर तीन बिछाने तयार आहेत असं समजून माणसं येतील. धानाची ढोली ठेवलेल्या खोलीत कुणाला निजवशील? पाहुण्यांना देणार तेवढ्याच खोल्या ‘शाँब्र’ म्हणून सांग.

भिंती मातीच्या, ‘आँ तेर’. हे सांगताना आवाज खाली नको जाऊ देऊस. मे महिन्यात चंद्रपूर 45 अंशांवर तापतं, तेव्हा कवेलूखालच्या सारवलेल्या खोलीत शिरलं की जीव थंड होतो. ‘इल फे फ्रे’, आत गार असतं, हे आवर्जून म्हण. कवेलू म्हणजे ‘त्वील’. तट्ट्याच्या कुडाला ‘आँ बाँबू’ पुरे. सांदवाडी ती ‘पोताझे’, वालाचा मांडव अन् वांगी त्यात आलीच.

‘शे नू’ म्हणजे आमच्याकडे. हा ‘शे’ माणसांपुढेच लागतो, घर या शब्दापुढे लावू नकोस. मावशीकडे चहाला न्यायचं असेल तर ‘शे मा ताँत’.

आणि संडास मागे आहे हे बुकिंगच्या वेळीच कळव, सामान उतरवल्यावर नको : ‘ओ फों द ला कूर’, अंगणाच्या टोकाला. गाव जंगलाला लागून आहे, बिबट येऊ शकतो. रात्री एकट्यानं बाहेर पडायचं नाही, मला उठवा, ‘रेव्हेये म्वा’, हे पहिल्याच संध्याकाळी प्रत्येकाला सांग, लेकरांना दोनदा सांग.